भूमीच्या पोटातले पाणी कोणाचे?

सातबारा माझा, विहीर माझी, मोटर माझी, विजेचे बिल मी भरतो. मग पाणी तेवढे गावाचे कसे? हा प्रश्न अलीकडे कीर्तनानंतरच्या बैठकीत आम्हांला वारंवार ऐकू येतो. विचारणारी माणसे भांडखोर नव्हेत. गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, पंढरीची वारी चुकलेली नाही. प्रश्नही उद्धटपणाचा नाही, अडचणीतून आलेला आहे. यास्तव ‘लोभ सोडा’ अशा दोन शब्दांनी त्याची बोळवण करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. प्रश्न धर्माचा आहे. आणि पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्षाला हात घालू नये, ही आमच्या गुरुजनांची शिस्त.

प्रथम हा प्रश्न आताच का उठला ते पाहू. आभाळावरचा भरवसा उडाला, हे त्याचे मूळ. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. पालख्या निघाल्या तेव्हा कितीक वारकऱ्यांची राने कोरडी होती, आणि पाऊस राज्यभर पसरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. पुढे ऑगस्टने पाठ फिरवली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. दोन वर्षांनी, २०२५ साली, अगदी उलटी तऱ्हा. मे महिना सरण्यापूर्वीच पाऊस महाराष्ट्रात दाखल, मशागतीला उसंत नाही. आणि सप्टेंबरात सीनेला, मांजरेला असे पूर आले की सोलापूर-धाराशिव-बीडकडे काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली कुजले, कित्येक ठिकाणी रानाची मातीच खरवडून गेली. मृगात काय पेरावे, हस्ताच्या पावसावर काय धरावे, हा हिशेब आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. तो आता जुळत नाही.

याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात ते समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा पुष्कळ दिवस, आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे मोजमाप प्रसिद्ध झालेले आहे. आता धो धो पडलेले पाणी उतारावरून धावत सुटते. भूमीत मुरायला त्याला सवड मिळत नाही. म्हणजे वरचा भरवसा गेला आणि खालची भरही तुटली, आणि नेमका त्याच वेळी जो तो खाली पाहू लागला.

खाली आहे काय? महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या थरांवर थर बसून झालेला. या पाषाणात पाणी राहते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. गावाखाली समुद्र पसरला आहे अशी कल्पना कोणी करील तर ती खोटी. तेथे लहान-मोठे रांजण पुरलेले आहेत असे समजा, आणि ते फटींनी एकमेकांस जोडलेले आहेत. बांध वर असतो, खाली बांध नाही. एकाने दोनशे फूट बोअर मारला की शेजारची पन्नास फुटांची विहीर माघातच तळ दाखवू लागते. मग शेजारी चारशे फूट जातो. पाणाड्याला नारळ, यंत्रवाल्याला रोकड. पाणी लागले तर पेढे, फुफाटा उडाला तर कर्ज. या सगळ्या चढाओढीत पाणी एक घागरभरही वाढत नाही, बरं का! मोटर पाणी वर आणते, उत्पन्न करीत नाही.

तर आता पूर्वपक्ष. मराठवाड्यात एका गावी सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन बसले. साठी गाठलेली, तीन एकरांचे धनी. म्हणाले, “महाराज, तीन बोअर कोरडे गेले, चवथ्याला पाणी लागलं. आता तुम्ही म्हणता वाटून घ्या. कोरड्या गेलेल्या तिन्हींचं कर्ज कोण वाटून घेणार?”

आम्ही म्हटले, “अप्पा, हा प्रश्न खरा आहे.” तेवढ्यावर ते उठले नाहीत. “माझा मुलगा पुण्याला कंपनीत जातो. इथं पाणी टिकलं तर तो परत येईल. मी काय चैनीसाठी उपसतो व्हय?”

हे बोलणे ज्याला लोभाचे वाटेल त्याने शेती केलेली नाही. ऊस लावणाऱ्याचीही गोष्ट तीच. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरांच्या घरात पाणी लागते, आणि राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्राचा लहानसा भाग व्यापून हे एक पीक ओलिताच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा खाते, हे खरे. पण तो का लावतो? गारपिटीने ऊस मरत नाही, दहा दिवस पाऊस लांबला तर मरत नाही, आणि त्याचा किमान दर सरकारने बांधून दिलेला आहे. टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, उसाला निदान कारखान्याची वाट ठाऊक असते. बेभरवशाच्या काळात माणूस भरवशाची वस्तू धरतो. एकेकट्याच्या घरापुरते पाहिले तर त्याचे शहाणपण बिनचूक आहे. अडचण अशी की शंभर घरांचे असे शंभर शहाणपणे एकत्र झाले की गाव कोरडे पडते. लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते काही कोणा एकाच्या पापाने नव्हे.

कायदा काय म्हणतो तेही ऐकावे. इंग्लंडात १८४३ साली एक खटला झाला. कापडगिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटली. न्यायालयाने निर्णय दिला की खाणवाल्याकडे दाद मागता येणार नाही. जमीन ज्याची, तिच्याखाली सापडेल ते त्याचे. कारण असे दाखवले की भूमीखालून पाणी कोठून कोठे जाते हे कोणास दिसत नाही, मग त्यावर शेजाऱ्याचा हक्क ठरवायचा कसा? इकडे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातही तीच छाया आली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांपासून ‘जमीन माझी म्हणजे पाणी माझे’ हे डोक्यात बसले. पाहा, केवढा मोठा हक्क आणि त्याचा पाया काय, तर अज्ञान! पाणी दिसत नव्हते म्हणून ज्याच्या हाती लागले त्याचे झाले. आता भूजल खात्याचे लोक विहिरींच्या पातळ्या मोजून ते कोठून कोठे जाते हे सांगू शकतात. अज्ञान सरले, हक्क मात्र राहिला. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला, तो २०१४ पासून लागू आहे, आणि शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. गावोगाव बोअरची यंत्रे किती खोल जातात हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या परंपरेत यज्ञयाग ते इष्ट आणि विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा ते पूर्त. दोहोंचा जोड शब्द इष्टापूर्त. तळे किंवा विहीर खणून झाली की तिचा एक विधी सांगितला आहे, त्याला उत्सर्ग म्हणतात. पैठणहून काशीस गेलेल्या भट्टकुळातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात धर्मशास्त्रावर बारा मयूख लिहिले, त्यांतला एक संपूर्ण मयूख या उत्सर्गावर आहे. विधीत गाय त्या पाण्यातून पार नेतात, यजमान तिचे पुच्छ धरून मागोमाग जातो, आणि हे जल मी सर्व भूतांसाठी सोडले असा संकल्प करतो.

येथे शास्त्रकारांनी एक बारीक भेद केला आहे, तो आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. दान आणि उत्सर्ग एक नव्हेत. दानात देणाऱ्याचे स्वामित्व सुटते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. गाय दिली, ती आता त्या गृहस्थाची. दात्याने तिचे दूध मागायचे नाही. उत्सर्गात स्वामित्व सुटते, पण कोणा एकाचे उत्पन्न होत नाही. वस्तू सर्वांची होते. मग शंका अशी निघाली, की ज्याने तळे खणले त्याने त्यातले पाणी प्यावे की न प्यावे? काहींनी म्हटले, न प्यावे. पण पुष्कळांचे मत असे, की खुशाल प्यावे. कारण ‘सर्व भूते’ यांत तो स्वतःही आलाच. मात्र मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून.

सर्वांपैकी एक! अप्पांच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर शोधीत होतो त्याची किल्ली आम्हांला येथे दिसते. पाणी सोडून द्या, तहानलेले राहा, असे शास्त्र म्हणत नाही. त्याग म्हणजे उपाशी मरणे नव्हे. वापरा, पण वापरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून वापरा.

कोणी म्हणेल, महाराज, पोथीत सर्व भूते लिहिले, पण गावात काय केले? हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. ज्या गावांनी गाईला पाणी पाजले त्यांनीच माणसाला पाणवठ्यावरून हाकलले. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि त्याबद्दल त्या लोकांनी मार खाल्ला. न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडले. उत्सर्गाचा संकल्प म्हणणाऱ्या ओठांनीच तो मोडला, हे लिहून ठेवले पाहिजे. जो आज बोअर कुलूपबंद करून शेजारणीला घागरीपुरते पाणी नाकारतो, तो त्याच वाटेने चालला आहे. फरक इतकाच की तेव्हा जात आडवी होती, आता सातबारा आडवा आहे. कित्येक ठिकाणी तर दोन्ही.

दुसरी शंका अधिक शास्त्रीय आहे. उत्सर्ग होतो तो स्वतः खणलेल्या तळ्याचा. भूमीखालचे पाणी कोणी खणून साठवलेले नाही. मग जे आपले नव्हतेच ते सोडायचे कसे? येथे कैमुतिकन्याय लावावा. ज्या तळ्यात आपला पैसा आणि घाम गेला तेही जर सर्वांचे करावयाचे, तर ज्यात आपला एक थेंबही नाही त्याविषयी बोलायलाच नको. नाथांनी काशीची कावड वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ती कथा आम्ही सांगतो तेव्हा मंडप भरून येतो. पण ती कावड नाथांनी खांद्यावर वाहून आणलेली होती, ती द्यायला त्यांचा अधिकार होता. आमची स्थिती फार निराळी. आमच्या हाती आहे ती फक्त कळ, मोटर सुरू करायची.

आता हे व्यवहारात उतरते काय? ज्ञानोबारायांची पालखी दिवे घाट चढून सासवडला दोन दिवस विसावते, तो पुरंदर तालुका पर्जन्यछायेचा. याच तालुक्यातले नायगाव. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार-अभियंता विलासराव साळुंखे या भागात आले, खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली, आणि पुढे नायगावच्या देवस्थानाची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तेथे बांध घातले, पाणी अडवले, विहीर केली. अभियंत्याचे एवढे काम अनेकांनी केले आहे. साळुंखे यांचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. पाणी साठल्यावर त्यांनी विचारले, आता याचे वाटे कसे घालायचे? आणि त्यांनी पाणी एकराने वाटले नाही, तोंडाने वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी; कुटुंब कितीही मोठे आणि जमीन कितीही असो, अडीच एकरांच्या पुढे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस आणि त्यासारखी बारमाही पिके वर्ज्य. वाटपावर पाटकरी नेमलेला, कोणाची पाळी कधी हे तो सांगणार. यालाच लोक पाणी पंचायत म्हणू लागले.

वाचकहो, भूमिहीनाला पाण्यात वाटा, या तीन शब्दांवर थोडे थांबा. भूमीशी पाण्याचा संबंध येथे तोडला आणि तहानेशी जोडला. पन्नास एकरांच्या पाटलाला पाच तोंडे, शेळ्या राखणाऱ्या बाईलाही पाच तोंडे. दोघांचे पाणी सारखे. पाटलांना हे सहज मानवले असेल असे आम्हांला वाटत नाही. उत्सर्गाच्या पोथीत जे सूक्ष्म होते ते एका यंत्रांच्या माणसाने पोथी न उघडता शेतात उतरवले.

आणि अप्पांच्या कर्जाचे काय? त्याचेही उत्तर याच नियमांत आहे. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी मिळून भरायचा, बाकीचे सरकारी अनुदान आणि संस्थेची बिनव्याजी उचल. म्हणजे पाणी लागले तर सर्वांचे, आणि न लागले तर तोटाही सर्वांचा. अप्पा म्हणत होते ते अगदी न्यायाचे होते. कोरडा बोअर एकट्याचा आणि ओला बोअर गावाचा, असा धर्म असू शकत नाही. ज्या गावाला पाण्यात वाटा हवा त्याने जोखमीत वाटा उचललाच पाहिजे. आंध्र-तेलंगणाच्या कोरड्या मुलखात काही गावांनी असेच केले आहे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचे बोअर नळांनी एकमेकांस जोडले, नवा बोअर कोणी घ्यायचा नाही असे ठरवले, आणि ज्याचा बोअर नाही त्याचे पावसाळी पीक करपू लागले की त्याला वेळेवर एक-दोन पाणी द्यायचे. पाणी देणाऱ्याला मिळाले काय? शेजारी नवा बोअर घेणार नाही, आपला आटणार नाही, याची निश्चिती. व्यवहार असाही जुळतो.

सगळ्या योजना तशाच टिकल्या असे मात्र नाही. माणसे बदलतात, वीज जाते, धरणाचे पाणी आले की उसाचा मोह परत येतो. हिवरे बाजारचे नाव वाचकांना ठाऊक आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, १९९० च्या पुढे, उभे राहिले. तेथे पाऊस चारशे मिलिमीटरांच्या आसपास. पाणलोटाची कामे झाली, पण ते गाव टिकले ते कामांपेक्षा हिशेबाने, असे आमचे मत. पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा आणि विहिरींचा ताळा घ्यायचा. आधी माणसांचे पिणे, मग गुराढोरांचे, मग उरेल त्यातून रब्बीला काय आणि किती पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही.

याच्या उलट चित्रही सांगितले पाहिजे, कारण ते आज पुण्याच्या नावाखाली चालले आहे. शेततळे ही चांगली वस्तू. पावसाचे वाहते पाणी अडवून पिकाच्या अडीनडीला वापरावे म्हणून तिला अनुदान मिळते, आणि हवामान बदलले तरी शेतकरी तगावा हा तिचा हेतू. पण पुष्कळ ठिकाणी होते काय? खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि पावसाची वाट न पाहता विहिरीतले, बोअरमधले पाणी उपसून तळे काठोकाठ भरून ठेवतात. जे पाणी भूमीच्या पोटात सर्वांचे होते ते वर आणले की एकाचे होते. उन्हाने त्यातले कितीतरी उडूनही जाते. ज्याच्याजवळ कागदाला पैसे तो तगला, शेजारची विहीर आटली. नाव तळ्याचेच, पण उत्सर्गातले तळे सर्वांसाठी खणलेले, आणि हे सर्वांमधून काढून घेतलेले. इकडे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी एक घागर पाणी न मागता जमिनीतल्या ओलाव्यावर उभी राहते, तिला मात्र बाजारात कोणी उसासारखा बांधलेला भाव देत नाही. सरकारने आणि शहरातल्या खाणाऱ्यांनी हा विचार करावा. सगळा संयम कुणब्याच्याच माथी का?

शेवटची एक गोष्ट माळकऱ्यांसाठी. एकादशी एकट्याने धरली तरी तिचे फळ चुकत नाही. शेजारी जेवला म्हणून आपला उपास मोडत नाही. पाण्याचे व्रत तसे नाही. एकट्याने मोटर बंद ठेवली तर राखलेले पाणी फटीफटींतून शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते आणि तो ते उसाला घालतो. सज्जन माणूस एक वर्ष थांबतो, दुसऱ्या वर्षी तोही उपसू लागतो. त्याला दोष देता येत नाही. यास्तव हे व्रत गावाने धरायचे आहे, निदान एका ओढ्याकाठच्या दहा-वीस विहिरवाल्यांनी मिळून. ते धरायला कोणी तरी पहिल्यांदा बोलावे लागते, आणि ज्याचे पाणी सर्वांत जास्त आहे त्याने बोललेले लोक ऐकतात. ज्याची विहीर आटली आहे त्याचे बोलणे मागण्यासारखे वाटते.

कार्तिकी वारीहून मंडळी परततात तेव्हा पाऊस बहुधा संपलेला असतो, विहिरी जेवढ्या भरायच्या तेवढ्या भरलेल्या असतात, आणि रब्बीच्या पेरण्या पुऱ्या व्हायच्या असतात. त्या आठवड्यात एका शिवारातल्या सगळ्या विहिरींची पातळी एका दिवसात मोजून होते. सुतळीला दगड बांधायचा, हातहातावर गाठ मारायची, आणि शाळेतल्या एखाद्या पोराला वही घेऊन बरोबर न्यायचे.